कोमट पाण्यात मान सोडायला शिकले : वॉत्सूचा अनुभव आणि काही प्रश्न

निळाई

गेली दीड वर्षं उजवा खांदा आणि मान यांनी मला जेरीस आणलं होतं. सुरुवात फ्रोझन शोल्डरने झाली. खांदा हळूहळू मोकळा झाला, हात डोक्यावर जाऊ लागला, पण मान आवळलेली ती आवळलेलीच. झोपेतसुद्धा खांदे कानाला भिडलेले. सकाळी उठावं तर दातावर दात घट्ट आणि जबडा ठणकतोय. गोळ्या झाल्या, शेक झाला, व्यायाम अजून चालू आहेत आणि ते मी सोडणार नाही. माझ्या फिजिओथेरपिस्टनेच एक दिवस सुचवलं, की कोमट पाण्यात करतात अशी वॉत्सू नावाची एक पद्धत आहे, जमलं तर करून बघा. आजवर आठ सेशन्स झाली. कुणाला तरी उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितेय.

पहिल्या दिवशी पाण्यात उतरले तेव्हा वाटलं, हे काही फार गरम नाही. पाणी ३५ अंश सेल्सियस होतं, उभं राहिलं की छातीपर्यंत येणारं. दोन-तीन मिनिटांत ते गारही वाटेना आणि गरमही वाटेना. हात हलवला तरच पाणी आहे हे कळायचं. थेरपिस्टताईंनी मला आधी भिंतीला पाठ टेकवून उभं केलं, गुडघ्यांच्या जरा वर दोन्ही पायांना मऊ फ्लोट बांधले आणि म्हणाल्या, "मी मानेखाली हात घेते. तुम्हाला वाटेल तेव्हा मागे रेला. घाई नाही." मी रेलले. कान पाण्याखाली गेले आणि बाहेरचे आवाज एकदम मिटले. ऐकू येत होता तो फक्त माझाच श्वास, घागरीत तोंड घालून घेतल्यासारखा मोठा.

माझं डोकं त्यांच्या कोपराच्या खोबणीत होतं आणि त्यांचा दुसरा हात माकडहाडाखाली. बराच वेळ त्या काहीच करत नव्हत्या. मी श्वास घेतला की शरीर आपोआप बोटभर वर यायचं, सोडला की तेवढंच खाली जायचं आणि त्याही माझ्याबरोबर वर-खाली होत राहायच्या. मग हळूच म्हणाल्या, "डोकं अजून तुम्हीच धरलंय." मी म्हटलं, नाही हो, सोडलंय की! त्यांनी हात अगदी थोडा खाली नेला. माझं डोकं जिथल्या तिथे. आधार गेला तरी मान ते तशीच उचलून धरत होती आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

त्या क्षणी मला रडू फुटलं. दीड वर्षं रात्रंदिवस मी हेच करत असणार.

मान सुटायला वीसेक मिनिटं लागली असावीत. ठरवून सुटली नाही. त्या मला घेऊन मागे मागे चालत होत्या, पाय पाठीमागून शेपटासारखे येत होते, आणि मध्येच कधीतरी डोकं त्यांच्या हातावर कलंडलं. डाव्या बाजूला. दुखलं नाही. त्यानंतरचं फारसं सलग आठवत नाही. गुडघे छातीशी येत होते आणि उलगडत होते, पाठ एका बाजूला वळत होती, कुठेतरी खांद्याच्या फऱ्याखाली अंगठा दाबला जात होता. शेवटी पाठ पुन्हा भिंतीला लागली, पाय तळाला टेकले, आणि त्यांनी हात काढून घेतले. डोळे उघडायला मी पुष्कळ वेळ लावला. बाहेर आले तर पाय मणामणाचे झालेले. त्या रात्री एका कुशीवर सात तास झोपले.

घरी आल्यावर शोधाशोध केली. हॅरोल्ड डल हे मूळचे अमेरिकन कवी. जपानला जाऊन ते शिझुतो मासुनागा यांच्याकडे झेन शियात्सु हा दाब देऊन करायचा जपानी मसाज शिकले. या शियात्सुत नुसते बिंदू दाबत नाहीत, अंग ताणून मोकळं करण्यावरही भर असतो. परत आल्यावर १९८० च्या सुमाराला उत्तर कॅलिफोर्नियातल्या हार्बिन हॉट स्प्रिंग्ज या गरम झऱ्यांच्या जागी त्यांनी शियात्सुचे तेच ताण विद्यार्थ्यांना पाण्यात तरंगवत द्यायला सुरुवात केली. वॉटरमधला 'वॉ' आणि शियात्सुतला 'त्सू', असं ते नाव झालं. ती जागा २०१५ च्या वणव्यात जवळजवळ सगळी जळाली आणि नंतर पुन्हा उभी राहिली. डल २०१९ मध्ये गेले.

आता माझे प्रश्न. हे नेमकं कशामुळे होतं? पाण्यामुळे, उबेमुळे, की कुणीतरी तासभर धरून ठेवलं यामुळे? जमिनीवरचा मसाज मी पूर्वी घेतलाय, तेव्हा मान अशी सुटली नव्हती. आणि कुणाला याचा त्रास झालाय का? तेही लिहा.

रानपाखरू

फार छान लिहिलंय. मानेचा प्रसंग वाचताना माझेच खांदे खाली आले. पोहता न येणाऱ्याला जमेल का हे? माझं पाण्याशी अजिबात सख्य नाही, नाकात पाणी जायची धास्ती वाटते.

निळाई

रानपाखरू, पोहता येण्याची गरजच नाही. तुम्हाला काहीही करायचं नसतं. चेहरा पूर्ण वेळ पाण्याबाहेर असतो आणि थेरपिस्टचे पाय तळाला असतात. फक्त कान बुडतात. ते नको असेल तर आधी सांगायचं, कानात बोळे घालता येतात. चेहराही पाण्याखाली नेणारा एक प्रकार आहे, वॉटरडान्स. तो स्वित्झर्लंडमध्ये १९८७ साली सुरू झाला. त्यात नाकाला चिमटा लावतात. पण ते वेगळं, न विचारता कुणी तसं करू नये.

कणा

मी फिजिओथेरपिस्ट आहे, पाण्यातले व्यायाम बरीच वर्षं घेतोय. निळाई, तुमच्या 'नेमकं कशामुळे' या प्रश्नाला जमेल तसं उत्तर देतो. थोडं लांबेल.

पहिलं म्हणजे वजन. शाळेतलं आर्किमिडीजचं तत्त्व. कमरेपर्यंत पाण्यात उभं राहिलं की पायांवर साधारण निम्मंच वजन येतं, छातीपर्यंत गेलं की एक तृतीयांशाच्या आसपास, आणि मानेपर्यंत बुडालं की जेमतेम दहावा हिस्सा. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं असतं. जमिनीवर उभे असताना ते तोलून धरायला मानेचे मागचे स्नायू सतत कामावर. गादीवर आडवे झालात तरी उशी एकाच बाजूने दाबते, आणि ज्याला आवळायची सवय लागली आहे तो त्या दाबाविरुद्धही आवळतोच. पाण्यात ढकलायलाच काही सापडत नाही. आधार सगळीकडून सारखा येतो आणि दुसऱ्याच्या हाताखाली डोकं जरा हललं तरी लगेच कळतं. मसाजमध्ये मान सुटली नाही आणि इथे सुटली, त्याचं मोठं कारण मला हेच वाटतं.

फ्लोट का बांधले, तेही सांगतो. आपली छाती हवेने भरलेली, म्हणून ती तरंगते. शरीराचा गुरुत्वमध्य मात्र खाली, ओटीपोटाशी. त्यामुळे उताणं सोडलं की बहुतेकांचे पाय बुडू लागतात आणि कंबर वाकते. गुडघ्याशी थोडा आधार दिला की पाठ सरळ राहते. पुरुषांचे पाय सहसा जास्त बुडतात.

दुसरं म्हणजे तापमान. ३५ हा आकडा उगीच आलेला नाही. आपल्या त्वचेचं तापमान ३३-३४ च्या आसपास असतं आणि आतलं ३७. पाणी हवेच्या तुलनेत सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेतं. त्यामुळे ३२ अंशांच्या पाण्यात न हलता तासभर पडून राहिलात तर कुडकुडायला लागाल, आणि ३९-४० च्या गरम टबात तेवढाच वेळ राहिलात तर आतलं तापमान चढून चक्कर येईल. ३५ च्या जवळपास शरीराला तापायचंही काम नाही आणि निवायचंही नाही. पोहण्याचे तलाव सहसा २६ ते २८ अंशांचे असतात, तिथे हे जमत नाही. कुणी 'आमच्या पूलमध्ये करू' म्हणालं तर आधी थर्मामीटर बघा.

तिसरा पाण्याचा दाब. एक मीटर खोलीला पारा ७० मिलिमीटरहून जास्त वर जाईल एवढा दाब असतो. छातीपर्यंत पाण्यात उभं राहिलं की पायातलं रक्त वर ढकललं जातं, अर्ध्या लिटरहून जास्त रक्त छातीत येतं, हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात, शरीर समजतं की पाणी फार झालंय आणि मूत्रपिंडं कामाला लागतात. पाण्यातून बाहेर आल्यावर घाईची लघवी लागते ती यामुळे. अवकाशात वजन नसताना शरीराचं काय होतं, हे जमिनीवर अभ्यासायला माणसांना याच कारणासाठी तासन्‌तास पाण्यात बसवत असत. वॉत्सूत माणूस पृष्ठभागाजवळ आडवा असतो, त्यामुळे दाब कमी, पण आडवं झाल्यामुळे रक्त छातीकडे येतंच. म्हणून आधी जाऊन या आणि नंतर पाणी प्या.

आणि तो संथ झोका. संथ, एका लयीत डोलवलं की स्नायूंचा ताण उतरतो, भरभर हलवलं की चढतो. बाळ झोपवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे थेरपिस्टला घाई करताच येत नाही. पाणीच तिला सावकाश करायला लावतं.

धरून ठेवलं जाण्याचा वाटा किती, हे मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही. मोठा असावा.

शंखपुष्पी

कणा, तुमचा प्रतिसाद जपून ठेवला.

माझ्या लेकाला सेरेब्रल पाल्सी आहे, आता नऊ वर्षांचा आहे. आम्ही वॉत्सू नाही, हॅलिविक करतो. ही पद्धत लंडनमधल्या हॅलिविक नावाच्या मुलींच्या शाळेत १९४९ मध्ये जेम्स मॅकमिलन यांनी बसवली. ते अभियंता होते, डॉक्टर नव्हते. अपंग मुलींना पोहायला शिकवायचं होतं, आणि त्यांनी तरंगणाऱ्या शरीराचा विचार नावेसारखा केला : डोकं इकडे वळलं की शरीर कुठे कलणार, हात पुढे आला की काय होणार. या पद्धतीत मुलाला फ्लोट, ट्यूब काहीही लावत नाहीत. एका मुलामागे एक मोठं माणूस, आणि हळूहळू तो हातही कमी करत न्यायचा.

पहिले दोन महिने आम्ही एकच गोष्ट शिकलो, फुंकर. तोंड पाण्याशी आलं की श्वास कोंडायचा नाही, पाण्यावर फुंकर मारायची. पिंगपाँगचा चेंडू फुंकत पूलच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत न्यायचा. माझ्या मुलाचे हात सतत मुठी आवळलेले असतात. फुंकर मारताना मुठी उघडतात, हे मी पहिल्यांदा पाण्यात पाहिलं. श्वास सोडताना घट्ट राहणं अवघड असतं म्हणे. बाहेर आल्यावर अर्धा-पाऊण तास त्याला कपडे घालणं सोपं जातं, कोपर सरळ होतं, बाही विनासायास चढते. मग हळूहळू पुन्हा पहिल्यासारखं. तो अर्धा तास आमच्या घरात फार मोलाचा आहे. त्याच वेळात आम्ही त्याचे ताणाचे व्यायाम उरकून घेतो.

निळाई, तुम्ही पुढच्या वेळी रेलताना हळूच फुंकर मारून बघा.

तर्कसंगत

धागा आवडला. एक शंका आहे, ती कुणाच्या अनुभवाला उणं लेखायला मांडत नाहीये. शियात्सु म्हटलं की शरीरातून ऊर्जा वाहते असं मानलेल्या वाहिन्या आल्या. त्यापुढे जाऊन 'जुने आघात स्नायूंत साठलेले असतात आणि पाण्यात ते बाहेर पडतात', 'गर्भाशयात परतल्याचा अनुभव' अशी वर्णनंही वाचली. यातलं सिद्ध काय झालंय? दुखण्याने टेकीला आलेला माणूस अशा शब्दांवर विश्वास ठेवून चालू औषधं सोडतो, हे मी माझ्याच घरात पाहिलंय, आणि त्याची किंमत मोजलीय.

कणा

तर्कसंगत, रास्त प्रश्न आहे आणि तो विचारला जायलाच हवा.

वॉत्सूवरच्या अभ्यासांचा एक पद्धतशीर आढावा २०२० साली प्रसिद्ध झाला. जगभरचे मिळून तिशीच्या आतच अभ्यास हाती लागले, त्यातले बरेच अगदी मोजक्या माणसांवरचे. दुखणं, मानसिक ताण, स्नायूंचा कडकपणा यांवर बहुतेक ठिकाणी चांगला परिणाम दिसला. पण यात एक मूळची अडचण आहे. औषधाची खोटी गोळी देता येते, खोटं वॉत्सू कसं देणार? घेणाऱ्याला कळतंच. त्यामुळे पाण्याचा परिणाम किती आणि आशेचा किती, हे वेगळं काढणं कठीण.

स्वतः हालचाल करण्याच्या पाण्यातल्या व्यायामांची बाजू जास्त भक्कम आहे. गुडघ्याच्या आणि खुब्याच्या संधिवातात दुखणं आणि हालचाल यांत थोडा, पण जाणवण्याइतका फरक पडतो, असं कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात आहे. तो परिणाम थोड्या काळापुरता मोजलेला आहे.

वाहिन्यांबद्दल माझं मत असं, की थेरपिस्टला कुठे ताण द्यायचा आणि कुठे दाबायचं याचा तो नकाशा आहे. नकाशा चुकीचा असला तरी ताण बसतो आणि खांदा सुटतो. त्यापलीकडे त्यावर काही उभारू नये. आणि चालू औषध पाण्यासाठी सोडायचं नाही. याबाबतीत मी तुमच्याशी शंभर टक्के सहमत आहे.

ओंजळ

मी वॉत्सू देते. हा धागा एका रुग्णाने दाखवला. देणाऱ्याच्या बाजूने थोडं लिहिते.

निळाई, तुमच्या थेरपिस्ट सुरुवातीला 'काहीच करत नव्हत्या' असं तुम्ही लिहिलंत. शिकताना सगळ्यात जास्त वेळ आम्हाला त्याच गोष्टीला लागतो. समोरच्याचा श्वास बघायचा, त्याच्याबरोबर गुडघ्यात किंचित वाकायचं, उठायचं. वर न्यायचं नाही. श्वासच त्याला वर आणतो, आपण फक्त आड यायचं नाही. नवीन शिकणाऱ्याचे हात उचलायला बघतात, आणि ज्याला धरलंय त्याला ते ताबडतोब समजतं. तो सावध होतो. माझ्या शिक्षिका म्हणायच्या, दंडातली ताकद वापरलीस तर तुझा दंड आणि त्याची मान दोन्ही दुखतील. पाय रुंद ठेवून, स्वतः जवळजवळ हनुवटीपर्यंत पाण्यात बसून, कमरेतून फिरायचं असतं.

ओढण्याचं काम पाणी करतं. मी डोक्याच्या बाजूने मागे चालते आणि शरीर पाण्यातून येताना पाणी पायांना मागे धरतं. त्या दोन्हींच्या मध्ये पाठीचा कणा लांबतो. जमिनीवर असा ताण द्यायचा तर पट्टे आणि वजनं लागतात. समुद्री शेवाळासारखं कंबरेतून डुलवण्याची एक हालचाल आहे, त्यात मी एका बाजूला वळते आणि पाय आपले आपण एक ठोका मागून येतात. ज्यांची कंबर धरलेली असते त्यांचे पाय लाकडासारखे एकदमच येतात. पंधरा-वीस मिनिटांनी तो ठोका मागे पडायला लागला, की मला कळतं आतलं काहीतरी सुटलं.

तर्कसंगत, पाण्यात लोक रडतात. हसतातही, काही चक्क घोरतात. मी त्याला नाव देत नाही आणि कारण विचारत नाही. तासभर दुसऱ्याने वजन पेललं की काहींना रडू येतं, त्यासाठी कुठला जुना आघात उकरायची गरज नसते. खरंच जुनी जखम वर आली तर ते मानसोपचारतज्ज्ञाचं काम आहे, आणि मी तसं स्पष्ट सांगते.

स्पर्शाबद्दल सांगायलाच हवं. वॉत्सूत देणारा आणि घेणारा एकमेकांच्या फार जवळ असतात, डोकं खांद्यावर येतं, पाठ कवेत येते. म्हणून जमिनीवर असतानाच मी हात कुठे कुठे असतील ते दाखवते. कुठे नको ते विचारते. थांबायची खूण ठरवते : हाताची मूठ दोनदा उघड-मीट. बोलता येत नसलं तरी ती करता येते. कुणी हे न विचारता पाण्यात घेतलं तर बाहेर या. उद्धटपणा वाटेल याची काळजी करू नका.

भिंतीपाशी सुरू करून भिंतीपाशीच संपवण्यालाही कारण आहे. तासभर ज्याला वर-खाली उरलेलं नसतं, त्याला पाठीमागे काहीतरी न हलणारं लागतं. पाय टेकले की हात एकदम काढायचे नाहीत. आणि पायऱ्या चढताना सोबत असावं, कारण वजन परत येतं ते एकदम येतं.

पायवाट

निळाई, तुम्ही त्रासाबद्दलही विचारलंत म्हणून लिहितोय. माझा अनुभव चांगला नव्हता.

एका ठिकाणी विश्रांतीसाठी गेलो असताना तिथे हे घेतलं. आधी काही विचारलं नाही, तब्येतीचं नाही की कशाचंच नाही. मला वळणाच्या रस्त्यावर गाडी लागते, लहानपणापासून. डोळे मिटून गोल गोल फिरवल्यावर दहा मिनिटांत मळमळायला लागलं. सांगायला तोंड उघडतोय तोवर मला तोंडासकट पाण्याखाली नेलं. चिमटाबिमटा काही नव्हता. नाकात पाणी गेलं, घाबरून हातपाय झाडले, गुडघा त्या माणसाला लागला. तो म्हणाला, "तुम्ही प्रतिकार करताय." त्या एका वाक्याचा राग आजही जात नाही. घाबरणं ही माझीच चूक असल्यासारखं.

ओंजळ, तुमचा प्रतिसाद वाचून पहिल्यांदा वाटलं, की ते असं व्हायला नको होतं आणि दोष माझा नव्हता.

ओंजळ

पायवाट, दोष मुळीच तुमचा नव्हता. शरीर घट्ट झालं तर देणाऱ्याने हालचाल लहान करायची असते, घेणाऱ्याला बोल लावायचा नसतो. गाडी लागणाऱ्यांना मी गोल फिरवतच नाही. सरळ पुढे-मागे, डोळे हवे तर उघडे, आणि दर काही मिनिटांनी पूर्ण थांबा. पहिलं सेशन पंधरा मिनिटांत संपवलं तरी चालतं. पुन्हा कधी घ्यावंसं वाटलंच तर हे आधी सांगा. वाटलं नाही तर तेही अगदी ठीक.

कणा

पायवाटच्या प्रतिसादानंतर कुणी पाण्यात उतरू नये तेही लिहून ठेवतो. ताप, उघडी जखम, त्वचेचा किंवा पोटाचा संसर्ग, कानाचा पडदा फाटलेला, ताब्यात नसलेली फिट्सची व्याधी, ताब्यात नसलेला रक्तदाब, हृदय कमजोर झालेलं असणं. हृदयाबाबत वर लिहिलंय ते आठवा : पाण्यात छातीकडे जास्त रक्त येतं, आणि थकलेल्या हृदयाला तो भार होतो. ऱ्हूमॅटॉइड संधिवात जुना असेल तर मानेचे वरचे मणके सैल असू शकतात. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणाच्या हातात मान देऊ नये.

मल्टिपल स्क्लेरोसिस या नसांवरचं आवरण खराब होणाऱ्या आजाराचं वेगळं आहे. उबेने त्यांच्या नसांमधून संदेश जाणं तात्पुरतं आणखी मंदावतं, दिसणं धूसर होतं, पाय लटपटतात. त्यांच्यासाठी २७ ते २९ अंशांचं पाणी बरं. गरोदरपणात ३५ अंशांचं पाणी गरम टबासारखं शरीराला तापवत नाही, तरी डॉक्टरांची परवानगी हवीच.

जुनेपान

अवांतर नाही, विषयाला धरूनच. फ्रँकलिन रूझवेल्ट यांना १९२१ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी पोलिओसारखा आजार झाला आणि पाय गेले. १९२४ मध्ये ते जॉर्जिया राज्यातल्या वॉर्म स्प्रिंग्ज इथे पहिल्यांदा गेले. झऱ्याचं पाणी साधारण ३१ अंशांचं. त्या पाण्यात ते आधाराशिवाय उभे राहू शकले. त्यांनी ती जागाच विकत घेतली, १९२७ मध्ये पोलिओच्या रुग्णांसाठी तिथे संस्था उभी केली, आणि राष्ट्राध्यक्ष असतानाही तिथे जात राहिले. १९४५ च्या एप्रिलमध्ये ते गेले तेही तिथेच.

पाय परत आले नाहीत. एकवीस वर्षं ते त्या पाण्यात उतरत राहिले आणि बाहेर आल्यावर पुन्हा पायांना लोखंडी पट्ट्या बांधत राहिले. माझ्या वडिलांना शेवटची काही वर्षं पार्किन्सन होता. आठवड्यातून दोनदा त्यांना कोमट पाण्यात नेत असू. आजार त्याच्या गतीने वाढत गेला. पण पाण्यात ते माझ्या दंडाला धरून न अडखळता चालायचे, पडायची भीती नसायची, आणि चालता चालता बोलायचे. जमिनीवर दोन्ही एकदम जमत नसे. आमच्या शेवटच्या निवांत गप्पा सगळ्या पाण्यात झाल्या आहेत.

रानपाखरू

जुनेपान, डोळे भरून आले.

मी नाव नोंदवलंय. पंधरा मिनिटांचंच सांगितलंय, आणि मुठीची खूण ठरवून घेणार आहे. निळाई, पूल नसताना घरी काही करता येईल का तुमच्या मानेसाठी?

निळाई

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः पायवाट यांचे. हे लिहिणं सोपं नव्हतं.

रानपाखरू, आम्ही घरी एक गोष्ट करतो. मी जमिनीवर चटईवर उताणी झोपते, नवरा डोक्याशी बसतो, दोन्ही तळवे डोक्याखाली घेतो आणि वाट बघतो. मग एक हात जरा खाली नेतो. डोकं तिथंच राहिलं तर म्हणतो, "धरलंयस." बस. ओढायचं नाही, वळवायचं नाही, दाबायचं नाही. पहिले आठ-दहा दिवस रोज 'धरलंयस'च ऐकलं. पाण्यात जमायचं, चटईवर नाही. परवा त्याने हात घेतले आणि काही बोललाच नाही. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाला, "किती जड आहे गं तुझं डोकं! इतके दिवस कळलंच नव्हतं."

काल सकाळी जबडा दुखला नाही, आज थोडा दुखतोय. पुढचं सेशन गुरुवारी आहे. शंखपुष्पी, रेलताना फुंकर मारून बघते आणि कळवते.